सात पुस्तकं नेली होती

आमचा क्लायंट अमेरिकन. त्यामुळे २४ डिसेंबर ते १ जानेवारी तिकडे सगळं सामसूम असतं आणि त्यांच्या येशूच्या कृपेने आम्हालाही सुट्टी मिळते. ऑफिसात याला शटडाऊन म्हणतात. मी मात्र याच सुट्टीला माझी खरी दिवाळी म्हणते, कारण खऱ्या दिवाळीत बाईमाणसाने चकल्या तळायच्या की दिवाळी अंक वाचायचे, सांगा. आमच्याकडे अंक येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सर्क्युलेटिंग लायब्ररीची स्कीम घेतलीये त्यामुळे बदलूनही आणता येतात, पण त्या पंधरा दिवसांत मी फक्त राशिभविष्य वाचते (सगळेच आधी तेच वाचतात, कबूल कोणी करत नाही) आणि बाकीचं डिसेंबरवर ढकलते. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा तो लोकांनी दिवाळीतच वाचून संपवला असेल का, हा मला पडणारा प्रश्न आहे.

तर यंदा वाईला आईकडे जाताना सात पुस्तकं भरली. दोन दिवाळी अंक, त्यांना पुस्तकात धरायचं की नाही यावर घरात वाद आहे, मी धरते. 'पानिपत'. 'रारंगढांग', तिसऱ्यांदा. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. नवऱ्याने 'हे तरी वाच' म्हणून दिलेलं मॅनेजमेंटचं एक इंग्रजी पुस्तक, ज्याचं पुढे काहीही झालं नाही. आणि 'स्मृतिचित्रे'ची, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राची, एक छोटीशी आवृत्ती, जी फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सवात घेतली होती. २०२३ पासून हा महोत्सव डिसेंबरात भरायला लागला आणि माझ्या बजेटचं वाटोळं झालं. तिथे अशी गर्दी असते की पुस्तक हातात घेऊन चाळायला उभं राहिलं तरी मागचे लोक ढकलत पुढच्या स्टॉलवर नेऊन सोडतात, मग हातातलं पुस्तक परत ठेवायला जाण्यापेक्षा पैसे देऊन टाकणं सोपं वाटतं. 'स्मृतिचित्रे' तसंच घेतलं गेलं. आधी दोनदा वाचलेलं होतं, एकदा कॉलेजात आणि एकदा बाळंतपणात.

वाईला पोचले तर आईचा डोळा. म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं होतं हे माहीत होतंच, दादा होता तेव्हा, पण प्रत्यक्षात काय असतं ते पोचल्यावर कळलं. डोळा उत्तम, पडद्याचा रंग इतका मळका होता हे आत्ता दिसलं म्हणाली, पण जुना चष्मा आता चालत नाही आणि नवीन नंबर महिन्याभराने मिळणार, तोवर बारीक अक्षर वाचता येत नाही. माझी आई म्हणजे पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचून मगच टाकणारी. तिला वाचायला नाही म्हणजे काय हाल असतील. कॅलेंडरमागचं तेवढं ठळक अक्षर वाचून झालं होतं, म्हणे, दोनदा.

दिवसातून चार वेळा ड्रॉप्स. दोन बाटल्या. एक पांढरट, ती हलवून घालायची, आणि दुसरी पाण्यासारखी. दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची आणि ती पाच मिनिटं आईने डोळे मिटून खुर्चीत बसायचं. पहिल्या रात्री मी पांढरा थेंब घातला, तो अर्धा डोळ्यात गेला आणि अर्धा गालावरून ओघळला, आणि मग आम्ही दोघी नुसत्याच बसलो. पाच मिनिटं फार मोठी असतात हो. मोबाईलवर टायमर लावला तर सेकंद सरकता सरकेना. मग मी बॅगेतून हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि म्हटलं, वाचू का थोडं?

हाताला 'पानिपत'च लागलं होतं. आई डोळे मिटूनच म्हणाली, "संक्रांतीच्या तोंडावर पानिपत नको गं बाई." आता यावर मी तिला ऐकवलं की लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, पण त्या काळी संक्रांत १४ तारखेला यायचीच नाही, ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. संक्रांत पुढे पुढे सरकत असते, विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि त्यांची तारीख बघ, १२ जानेवारी १८६३. तेव्हा पानिपतावर संक्रांत कोसळली म्हणतो ते आपण नंतर जुळवलेलं आहे. आई म्हणाली, "बरं. तरी नको. शेवट माहितीये." यावर काय बोलणार.

मग 'स्मृतिचित्रे' काढलं.

सुरुवातीलाच ते वडिलांचं सोवळं येतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सासरे सत्तावनच्या धामधुमीत फाशी गेले, त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं जे शिरलं ते शेवटपर्यंत निघालं नाही. बाजारातून काही आणलं की धुवा, कुणाचा स्पर्श झाला की धुवा, घरातली बायकापोरं या धुण्यात पार पिळून निघालेली. मी हे वाचताना कायम कपाळावर आठ्या घालून वाचलं होतं, पूर्वीचे लोक कसले एकेक विक्षिप्त वगैरे. आई खुदकन हसली. म्हणाली, "आणि आपण २०२० साली दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या त्या? तू तर कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून वर उन्हात ठेवलेलीस." झालं. टायमर वाजला, दुसरा थेंब घातला, आणि आई म्हणाली पुढचं वाच.

तिथून ते सुरू झालं. आधी फक्त ड्रॉप्सच्या मधल्या पाच मिनिटांत, मग ड्रॉप्सनंतर अर्धा तास, मग सकाळी अंगणात उन्हाला बसून. वाईची थंडी पुण्यापेक्षा बोचरी, कृष्णेवरून सकाळी असा गारठा येतो की आठ वाजेपर्यंत गोधडीतून हात बाहेर काढवत नाही, त्यामुळे उन्हाची जागा पकडून बसणं हाच सकाळचा मुख्य कार्यक्रम. आईपुढे सुपात पावटे. या दिवसांत आमच्याकडे पावट्याची उसळ आणि बाजरीची भाकरी जवळजवळ रोजच असते. पावटे सोलायला डोळे लागत नाहीत, ती बोटांनीच शेंग चाचपते, अंगठ्याने शिवण दाबते, टचकन दाणे पडतात, किडका दाणासुद्धा तिला बोटाला कळतो आणि तो बाजूला जातो. मी वाचतेय आणि मधेमधे टचक, टचक. वाक्य चांगलं असलं की टचक थांबायचं, तेवढं माझ्या लक्षात यायला लागलं.

आणि मोठ्याने वाचताना एक लक्षात आलं की मी हे पुस्तक दोनदा वाचलंच नव्हतं. म्हणजे डोळे फिरवले होते, गोष्ट कळली होती, परीक्षेत लिहिलंही होतं, पण डोळे लबाड असतात, ते परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य वाचून मधलं गिळतात. मोठ्याने वाचताना गिळता येत नाही. समोर निवृत्त मराठीची शिक्षिका बसलेली असेल तर अजिबातच नाही. आणि लक्ष्मीबाईंचं मराठी हे कानाचं मराठी आहे, ती बाई लिहीत नाहीये, सांगतेय. शाळेत न गेलेली, नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेली बाई, १९३४ पासून तिचं हे पुस्तक भागाभागाने बाहेर आलं, तेव्हा ती पासष्टीच्या पुढे होती. त्या काळचे मोठमोठे लेखक वाचताना आज धाप लागते आणि हिची वाक्यं मात्र काल कुणीतरी ओट्याशी उभं राहून बोलल्यासारखी आहेत. स्वतःची फजिती सांगताना जास्त रंगते. नवऱ्यावर, म्हणजे कवी ना. वा. टिळकांवर, चिडते आणि त्याच दमात त्यांची बाजूही सांगते.

टिळक हे प्रकरण आमच्या घरात गाजलं. माझी मुलगी चौदा वर्षांची, ती शेजारी मोबाईल घेऊन बसलेली, कानात इअरफोन, ऐकत नाहीये असं मी समजत होते. टिळक न सांगता घरातून निघून जातात, हातात पैसे टिकत नाहीत, कुणी अडलेला दिसला की देऊन मोकळे, घरात बायको काय शिजवणार याचा पत्ता नाही, असं सगळं चाललं होतं आणि एकदम इअरफोनमागून आवाज आला, "आजी, हा माणूस म्हणजे रेड फ्लॅग आहे."

आजीने विचारलं म्हणजे काय. मुलीने समजावलं. आजीने ऐकून घेतलं, दोन शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "असेल. पण तोच बायकोला लिहायला शिकवतो की नाही? आणि त्याच्यामुळे ती लिहिते की त्याच्याबद्दल चिडून लिहिते, ते बघ पुढे." आणि मग डोळे मिटून तिने 'केवढे हे क्रौर्य' अख्खी म्हणून दाखवली. ना. वा. टिळकांची. पाखराच्या त्या कवितेवर आमच्या सगळ्या पिढ्या शाळेत रडलेल्या आहेत. मुलीला पाठ्यपुस्तकात ती नव्हती. कविता संपली तेव्हा मुलगी म्हणाली, "एवढं पाखराबद्दल वाटतं आणि बायकोला सांगून जात नाही." आई म्हणाली, "हां. आता तुला कळायला लागलं."

२५ तारखेला आणखी एक गंमत. माझी कॉलेजची मैत्रीण मूळची नगरची, ख्रिश्चन, दरवर्षी नाताळला व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या चर्चमधल्या गाण्याची क्लिप पाठवते आणि मी दरवर्षी न ऐकता हात जोडल्याचा इमोजी पाठवते. यंदा ऐकली. पेटी-तबल्यावरचं मराठी भजन, चाल ऐकून वारकऱ्यांचा अभंगच वाटावा. विचारलं तर म्हणाली अगं हे तुमच्या टिळकांचंच, आमच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची कितीतरी आहेत, आम्ही लहानपणापासून हीच म्हणतो. तुमच्या टिळकांचंच! मी म्हटलं, आमचे की तुमचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षं वेगळ्या, नातेवाइकांकडे, मग त्यांच्याजवळ परत गेल्या पण चूल वेगळी ठेवून, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं हा त्या पुस्तकाचा गाभा आहे असं मला आता वाटतं. नवऱ्यामागे मुकाट गेली असंही नाही आणि भांडून तोडलं असंही नाही. स्वतःच्या मनातली जात तिने स्वतःच एकेक करून सोडली, आणि कुठली गाठ कधी सुटली ते प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्यही तिनेच पुरं केलं. आणि त्यांच्याच नगरच्या घरात बालकवी राहायला होते. 'श्रावणमासी हर्ष मानसी' म्हणणारे ठोंबरे, जे १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, सत्तावीस वर्षांचे. ते या पुस्तकात एक घरातला मुलगा म्हणून वावरतात. पुतळे झालेली माणसं हिच्याकडे जेवायला बसलेली असतात.

तर चौथ्या दिवशी वाचता वाचता आईने हात वर केला. शाळेत करायची तसाच. "गाळतेस."

मी म्हटलं नाही गं, एक अक्षर गाळलं नाही. "नाही, इथे मध्ये काहीतरी होतं." मी पान उलटसुलट केलं, पान चिकटलंय का पाहिलं. मग पहिलं पान उघडलं आणि बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: संक्षिप्त. म्हणजे गर्दीत ढकलाढकलीत मी कापलेली आवृत्ती उचलून आणली होती आणि घरी येऊन बघितलंही नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं पण पन्नास वर्षांपूर्वीचं मधलं पान पाठ होतं.

आता मूळ पुस्तकाची शोधाशोध. ते घरात असणार याबद्दल आईला शंका नव्हती, कुठे असणार याबद्दल मात्र रोज नवीन मत. माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात आमची प्रगतिपुस्तकं, बाबांचं स्वेटर, कसर लागलेल्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे. कपाटात खालच्या फळीवर विश्वकोशाचे खंड, ते आमच्या गावचंच पीक, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री इथे बसून ते काम करायचे, १९७६ साली पहिला खंड आला आणि आमच्या घरात जे काही खंड आले ते मी लहानपणी मुख्यतः वरच्या फळीवरचा लाडवाचा डबा काढायला वापरले. अजून 'अ' वर माझ्या टाचेचा डाग आहे असं आई म्हणते. त्या खंडांच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं 'स्मृतिचित्रे' निघालं. कव्हर इतकं पिवळं की हात लावल्यावर पापडासारखं तुटलं.

आत पेन्सिलच्या खुणा. आईच्या. तिचं तिशीतलं अक्षर, बारीक आणि तिरकं. काही ठिकाणी शब्दार्थ, ते शाळेसाठी. पण टिळक निघून गेल्यावर लक्ष्मीबाई एकटी राहते त्या पानांवर शब्दार्थ नाहीत, नुसत्या उभ्या रेघा. लांब, पानाच्या वरपासून खालपर्यंत. एके ठिकाणी तर पेन्सिलचं टोक मोडलेलं दिसतंय. मी विचारलं, इथे गं काय? ती म्हणाली, कुठे? मी पान क्रमांक सांगितला, काय आहे ते वाचलं. थोडं थांबून म्हणाली, "असंच. तुझ्या बाबांची तेव्हा चंद्रपूरला बदली होती." आणि सूप पुढे ओढलं. मी पुढचं वाचायला लागले.

मधल्या एका दिवशी भिलारला जाऊन आलो. खरंतर नाताळच्या आठवड्यात पसरणीच्या घाटात पाऊल टाकू नये, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते पाचगणीपर्यंत, पण मुलीने हट्ट धरला, म्हणून पहाटे साडेसहाला निघालो आणि सिल्व्हर ओकच्या रांगांमधून पाचगणी पार करून आठच्या आत भिलारात. पुस्तकांचं गाव म्हणून मे २०१७ मध्ये सुरू झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतलेली. तिकडे दुकानं आहेत, इकडे लोकांची घरं. हे मला भारी वाटतं. एका घरात कादंबऱ्या, एका घरात बालसाहित्य, कुठे देवळात संतसाहित्य, बाहेर भिंतीवर रंगवलेलं असतं कुठे काय ते, तुम्ही आत जायचं, बसायचं, वाचायचं, कुणी पैसे मागत नाही. आम्ही ज्या घरी गेलो तिथल्या काकू केर काढत होत्या, त्या म्हणाल्या बसा हो, एवढं अंगण होऊ दे. आत पुस्तकांचं कपाट आणि शेजारच्या खोलीत स्ट्रॉबेरीचे ट्रे रचलेले. त्या वासात मी दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' उघडलं, सोबत नेलं होतं. १९५६ चं पुस्तक, महिन्यागणिक लेख. मी त्यातला फक्त मार्गशीर्ष आणि पौष वाचला आणि बंद केलं. ते पुस्तक सलग वाचणं मला जमत नाही, ज्या त्या महिन्याचं त्या त्या महिन्यात वाचायचं, ही माझी पद्धत, गेली सहा वर्षं चाललीये आणि ज्येष्ठ दरवर्षी राहतो कारण तेव्हा शाळा सुरू होतात. मुलीने एक मराठी पुस्तक हातात धरून फोटो काढला. वाचलं नाही. स्ट्रॉबेरी मात्र दोन बॉक्स संपवल्या.

'रारंगढांग' रात्री वाचलं, एकटीने, मुकाट्याने, गोधडीत. हिमालयात कडा फोडून रस्ता काढणाऱ्यांची गोष्ट थंडीतच वाचावी, मे महिन्यात तिची अर्धी मजा जाते. दिवाळी अंकांतल्या एकात एक चांगली कथा होती, दुसऱ्यात जाहिराती चांगल्या होत्या. 'पानिपत' उघडलंच नाही, आईच्या घरात ते उघडायची सोय नव्हती.

१ तारखेला निघायचं होतं तोवर 'स्मृतिचित्रे' संपलं नव्हतंच. जुनी प्रत जाडजूड, आणि आई आता मधेच थांबवून मागचं परत वाचायला लावत होती. नगरातल्या प्लेगचं चाललं होतं. मी म्हटलं फोनवर वाचून दाखवते रोज, पुस्तक घेऊन जाते. तर म्हणाली पुस्तक हलायचं नाही. मग म्हटलं चष्मा आला की तू वाच तुझं तुझं. तर तेही नाही.

आता ते वाईला आहे, टीव्हीच्या शेजारी. पांढऱ्या ड्रॉप्सच्या बाटलीबरोबर आलेली माहितीची घडी प्लेगच्या पानात घालून ठेवलीये. परवा फोनवर सांगत होती, चष्मा आला, छान दिसतंय, पेपर वाचते रोज. मी विचारलं, आणि ते? म्हणाली, "ते नाही उघडलं. तू कधी येतेयस?" फेब्रुवारीतली एक सुट्टी टाकलीये. 'पानिपत' नेणार नाही.